आगमनकाळ : एक प्रवचन आणि त्यानंतरचा रविवार

डिसेंबर महिना उजाडला की आपल्या महाविद्यालयातील मित्रमैत्रिणी मला हटकून दोन प्रश्न विचारतात. पहिला, "यंदा केक आणणार ना?" आणि दुसरा, "तुमच्याकडे चांदणी कधी लावतात?" दोन्ही प्रश्न प्रेमाचे आहेत आणि दोन्हींची उत्तरे मी आनंदाने देतो. परंतु नाताळच्या अगोदर चार आठवड्यांचा एक स्वतंत्र काळ असतो, त्याला आगमनकाळ म्हणतात आणि त्याची रीत नाताळच्या रीतीहून अगदी वेगळी आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. खरे सांगायचे तर आम्हा ख्रिस्ती मंडळींपैकीही अनेकांना ती धूसरच असते. नेवऱ्या आणि कुलकुलांचे पीठ मळण्यात, गोठ्यासाठी गवत गोळा करण्यात हे दिवस कसे निघून जातात ते कळत नाही. म्हणून या वर्षीच्या अंकासाठी काय लिहावे असा विचार करताना, आगमनकाळाबद्दलच लिहावे असे ठरविले. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे, त्यामुळे लेखाचा बराचसा भाग इतिहासाकडे वळेल. वाचकांनी तो गोड मानून घ्यावा.

प्रथम थोडी माहिती. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी आगमनकाळ सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. त्यात चार रविवार येतात. कॅथलिक उपासनेचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, ते याच पहिल्या रविवारी सुरू होते. या दिवसांत धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात, कारण जांभळा हा पश्चात्तापाचा रंग मानला आहे. तिसऱ्या रविवारी तेवढा गुलाबी रंग येतो. रविवारच्या मिस्सात एरवी गाइले जाणारे गौरवगीत या काळात थांबवले जाते. ते थेट नाताळच्या रात्री पुन्हा ऐकू येते. वेदीजवळ हिरव्या पाल्याचे एक कडे ठेवतात आणि दर रविवारी त्यातील एकेक मेणबत्ती अधिक पेटवतात. ही चाल मूळची आमची नव्हे. जर्मनीत हॅम्बुर्ग येथे योहान हिन्रिख विखर्न नावाचे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक गरीब मुलांचे वसतिगृह चालवीत. "नाताळ कधी?" असे मुले रोज विचारीत, तेव्हा १८३९ साली त्यांनी एका चाकावर मेणबत्त्या लावून मुलांना दिवस मोजायला शिकविले. तेथून ती चाल जगभर गेली आणि पुढे आमच्या गावापर्यंतही आली.

आपल्या मराठीत या प्रतीक्षेचे एक मोठे स्मारक आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याचे दोन भाग आहेत. येशूचा जन्म दुसऱ्या भागात येतो. पहिले पुराण सगळे त्याच्या आधीचे, म्हणजे वाट पाहणाऱ्यांचे आहे. हजारो ओव्यांचा आगमनकाळच म्हणा ना!

पण वाट पाहायची म्हणजे काय करायचे? इथे आगमनकाळातील मुख्य व्यक्ती पुढे येते. नाताळच्या चित्रांत ही व्यक्ती कधीच नसते. तिचे नाव योहान, बाप्तिस्मा देणारा योहान. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी शुभवर्तमानातून त्याच्याचविषयी वाचले जाते. उंटाच्या केसांचे वस्त्र घालणारा, टोळ आणि रानमध खाऊन राहणारा हा माणूस अरण्यात उभा राहून लोकांना रस्ता सरळ करायला सांगत होता. लोकांनी त्याला विचारले, "म्हणजे आम्ही नेमके काय करू?" त्याने दिलेली उत्तरे मला फार आवडतात, कारण ती अगदी हिशेबी आहेत. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांनी ठरल्यापेक्षा अधिक वसूल करू नये. शिपायांनी लोकांना धमकावून पैसे उकळू नयेत, पगारात भागवावे. प्रत्येकाला त्याच्या धंद्यातले खोट दाखवून दिले. पुढे हेरोद राजाला त्याने सांगितले की भावाची बायको करून घेणे तुला योग्य नाही, आणि त्या वाक्यापायी त्याचे डोके गेले. तेव्हा ख्रिस्तसभेने नाताळच्या दारात जो माणूस उभा केला आहे तो गोड बोलणारा नाही. बाळाच्या पाळण्याकडे जाणारी वाट त्याच्या समोरून जाते.

आता मी माझ्या अडचणीकडे येतो. इतिहासाच्या तासाला सोळावे शतक सुरू झाले की वर्गातले काही डोळे माझ्याकडे वळतात. "तुमचा धर्म पोर्तुगिजांच्या जहाजातून आला," असे एका मित्राने मला वादविवाद स्पर्धेच्या तयारीत सरळ ऐकविले. याला एक तयार उत्तर असते : केरळातील ख्रिस्ती समाज पोर्तुगिजांच्या कित्येक शतके आधीचा आहे. उत्तर खरे आहे; फक्त ते माझ्या गावाला लागू पडत नाही. मी वसई तालुक्यातला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्या यांच्यात वसईचा तह झाला तो २३ डिसेंबर १५३४ रोजी, म्हणजे ऐन आगमनकाळाच्या शेवटच्या आठवड्यात. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकेपर्यंत तेथे पोर्तुगिजांचीच सत्ता होती. आमच्या पूर्वजांचा धर्म त्या दोनशे वर्षांत बदलला. कोणाचा श्रद्धेने, कोणाचा सोयीने, कोणाचा दडपणाने, याचा हिशेब आज घराघराने मांडणे शक्य नाही. पण तलवार आणि क्रूस एकाच गलबतातून उतरले हे नाकारणे म्हणजे खोटे बोलणे होय. गोव्यात तर १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशनचे न्यायालय होते. मग ख्रिस्ती म्हणून खरेपणाने जगायचे तर या इतिहासाचे करायचे काय? तो झाकायचा, की त्याच्यामुळे श्रद्धाच सोडून द्यायची? या प्रश्नाच्या मागे लागलो असता मला आगमनकाळातल्याच एका रविवाराची गोष्ट सापडली. ती आपल्या देशातली नाही. परंतु काळ तोच, साम्राज्यांची रीत तीच, आणि ती घडविणाऱ्या डॉमिनिकन संघाच्या मठाचे अवशेष वसईच्या किल्ल्यात आजही उभे आहेत.

अल्फोन्सो द अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकले. त्याच वर्षी, सप्टेंबरात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला कॅरिबियन समुद्रातील हिस्पानिओला बेटावर डॉमिनिकन संघाचे काही संन्यासी उतरले होते. त्यांचे प्रमुख पेद्रो दे कोर्दोबा. वय अवघे अठ्ठावीसच्या आसपास. या बेटावर कोलंबस १४९२ साली पोहोचला होता आणि १५१० पर्यंत तेथे स्पॅनिश वसाहत चांगली रुजली होती. तेथील मूळ रहिवासी ताइनो. त्यांना स्पॅनिश वसाहतवाल्यांत वाटून देण्याची एक पद्धत होती, तिला एन्कोमिएंदा म्हणत. कागदावर तिचा अर्थ ‘सोपवणूक’ असा. राजाने अमुक इतके ताइनो अमुक गृहस्थाकडे सोपवायचे. त्यांनी त्याच्यासाठी राबायचे आणि त्याने त्यांचे रक्षण करून त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा. प्रत्यक्षात ताइनो सोन्याच्या खाणींत राबत आणि मरत. शेती करायला माणसे उरली नाहीत म्हणून उपासमार, उपासमारीत रोगराई. मूळ लोकसंख्येविषयी इतिहासकारांच्या अंदाजांत फार तफावत आहे. पण १५१४ साली वाटणीसाठी झालेल्या गणतीत सुमारे २६ हजारच ताइनो उरले होते. धर्म शिकविण्याचे कलम मात्र कागदावर कायम होते. आपल्याकडची वेठबिगार ज्यांनी वाचली आहे त्यांना ही पद्धत समजायला वेळ लागणार नाही. फरक इतकाच की येथे वेठीला धर्मकार्याचे नाव दिले होते.

ही सारी हकीकत आपल्याला कळते ती मुख्यतः बार्तोलोमे दे लास कासास यांनी लिहिलेल्या इंडीजच्या इतिहासातून. लास कासासांकडे आपण पुन्हा येऊ. त्यांनी नोंदविलेला एक तपशील मला विलक्षण वाटतो. या नव्या संन्याशांना ताइनोंच्या हालांची आतली माहिती दिली ती एका खुनी माणसाने. हुआन गार्सेस नावाच्या या स्पॅनिश वसाहतवाल्याने आपल्या ताइनो पत्नीचा खून केला होता आणि तो काही वर्षे डोंगरात दडून राहिला होता. पश्चात्ताप होऊन तो या मठात आला, सेवक-बंधू म्हणून राहिला, आणि स्वतः पाहिलेले, केलेले सगळे त्याने सांगून टाकले. सज्जनांच्या सभेत जे सत्य कोणी उच्चारत नव्हते ते अशा वाटेने मठात शिरले.

मग त्या गवताने शाकारलेल्या मठात विचारविनिमय झाला. गोष्टीचा हा भाग सहसा कोणी सांगत नाही, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी घाईने काही केले नाही. प्रार्थना केली, उपवास केले, कायद्याची बाजू आणि घडलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा पडताळल्या. मग सर्वांनी मिळून एक प्रवचन लिहिले आणि त्याखाली सर्वांनी सह्या केल्या. ते वाचण्याचे काम आंतोनियो दे मोंतेसिनोस यांच्यावर सोपविले, कारण त्यांचे वक्तृत्व कठोर आणि परिणामकारक होते. दिवस निवडला तो आगमनकाळाचा चौथा रविवार, २१ डिसेंबर १५११. त्या दिवशी शुभवर्तमानात योहानाला विचारलेला प्रश्न होता, "तू कोण?" आणि योहानाचे उत्तर, की अरण्यात ओरडणारा एक आवाज. संन्याशांनी गावातल्या प्रमुख माणसांना घरोघरी जाऊन निमंत्रण दिले. कोलंबसाचा मुलगा दिएगो त्या वेळी तेथला सर्वोच्च अधिकारी होता; तोही सहकुटुंब, सहपरिवार आला. येणाऱ्यांना वाटले, नाताळच्या आधीचे एखादे भारदस्त प्रवचन ऐकायला मिळेल.

मोंतेसिनोस यांनी आरंभी श्रोत्यांच्या सदसद्‌विवेकाचे अरण्य कसे ओसाड झाले आहे याचे वर्णन केले आणि मग सांगितले की आजचा अरण्यातला आवाज मी आहे, आणि तो तुम्ही पूर्वी कधी ऐकला नसेल इतका कर्कश असणार आहे. त्यांचा आरोप असा : या निरपराध लोकांवर तुम्ही जो जुलूम करता त्यामुळे तुम्ही सारे घोर पापात जगत आहात. मग एकामागून एक प्रश्न. कोणत्या अधिकाराने तुम्ही यांना गुलाम केले? कोणत्या न्यायाने त्यांच्याच देशात त्यांच्याशी युद्ध मांडले? अन्नपाणी न देता, आजारात न पाहता त्यांना का राबवता? ही माणसे नाहीत काय? यांना आत्मा नाही काय? स्वतःवर करता तशी प्रीती यांच्यावर करायला तुम्ही बांधलेले नाही काय? शेवटी त्यांनी सांगितले की या स्थितीत तुमचा उद्धार होण्याची आशा, ख्रिस्त न मानणाऱ्यांच्या उद्धारापेक्षा जास्त नाही. हे वाक्य त्या काळच्या स्पॅनिश माणसाच्या कानाला काय वाटले असेल, याची कल्पना करावी. एवढे बोलून ते मान ताठ ठेवून खाली उतरले. चर्चमध्ये इतकी कुजबुज माजली की मिस्सा कशीबशी पुरी झाली.

दुपारीच सगळी प्रतिष्ठित मंडळी मठावर चालून आली. त्यांचे म्हणणे, या संन्याशाने राजाचा अपमान केला आहे, कारण ताइनो आम्हाला राजाने दिले आहेत. त्याने माफी मागावी. पेद्रो दे कोर्दोबांनी शांतपणे सांगितले, ते प्रवचन एकट्याचे नव्हते, आम्हा सर्वांचे होते. मग धमकी आली : शब्द मागे घेणार नसाल तर सामान बांधा आणि स्पेनला चालते व्हा. त्यावर कोर्दोबा म्हणाले की त्याला फारसे कष्ट पडणार नाहीत. लास कासास लिहितात की ते खरेच होते, कारण त्यांचे सगळे सामान दोन पेट्यांत मावले असते. हा विनोद असला तरी त्यात या माणसांच्या निर्भयतेचे अर्धे गुपित आहे. त्यांच्या नावावर एकही ताइनो नव्हता, खाण नव्हती, जमीन नव्हती. ज्याला गमवायचे थोडे त्याला खरे बोलणे थोडे सोपे जाते. तरीही लक्षात ठेवावे की ते जेवत होते ते याच लोकांच्या दानावर.

अखेर तडजोड अशी ठरली की मोंतेसिनोसच पुढच्या रविवारी बोलतील. मंडळी खूश होऊन घरी गेली. गावभर बातमी झाली की आता तो शब्द मागे घेणार. २८ डिसेंबरला कोणालाही निमंत्रण द्यावे लागले नाही. चर्च गच्च भरले. मोंतेसिनोस यांनी ईयोबाच्या ग्रंथातले वचन घेतले. आपले म्हणणे मुळापासून पुन्हा मांडतो, अशा अर्थाचे ते वचन आहे. ते ऐकताच जाणत्यांना सुगावा लागला असेल. त्यांनी पहिल्या रविवारचे सर्व मुद्दे पुन्हा मांडले, अधिक पुराव्यांनिशी मांडले, आणि वर एक गोष्ट घातली : यापुढे ताइनोंना राबविणाऱ्या कोणाचेही पापनिवेदन आम्ही ऐकणार नाही, वाटमाऱ्याचे ऐकत नाही तसेच. तुम्ही स्पेनमध्ये ज्याला लिहायचे त्याला खुशाल लिहा.

मला विचाराल तर धैर्याची खरी कसोटी या दुसऱ्या रविवारी लागली. पहिल्या दिवशी बोलताना आवेश असतो, समोरचे बेसावध असतात, आपण काय ओढवून घेत आहोत याचा नीट अंदाज आलेला नसतो. आठवड्यानंतर तो पुरता आलेला असतो. मधल्या सहा दिवसांत हितचिंतक येऊन सांगून गेलेले असतात की मुद्दा बरोबर आहे हो, पण भाषा जरा सौम्य करा. तरीही तेच बोलायचे, न वाढवता, न ओरडता, पुराव्यासह, हे खरे कठीण. आज सांतो दोमिंगोच्या समुद्रकिनाऱ्यावर मोंतेसिनोस यांचा एक प्रचंड पुतळा आहे. मेक्सिकोने तो १९८२ साली भेट दिला. हात तोंडाशी धरून समुद्राकडे हाक मारणारा असा तो घडविला आहे. शिल्पकाराने निवडला तो क्षण पहिल्या रविवारचा. ते स्वाभाविकच आहे.

पुढे काय झाले? वसाहतवाल्यांनी खरोखरच लिहिले. राजा फर्नांदोने मार्च १५१२ मध्ये नापसंतीचे पत्र धाडले. या संन्याशांच्या स्पेनमधील वरिष्ठांनीही त्यांनाच दटावले, हे सांगताना मला वाईट वाटते, पण ते सांगितले पाहिजे. वसाहतवाल्यांनी आपली बाजू मांडायला आलोन्सो दे एस्पिनार या फ्रान्सिस्कन संन्याशाला दरबारी पाठविले. मोंतेसिनोसही स्पेनला गेले. द्वारपाल त्यांना आत सोडीना. एके दिवशी दार उघडताच ते आत घुसले आणि राजासमोर गुडघे टेकून त्यांनी बरोबर आणलेली अत्याचारांची यादी वाचून दाखविली. राजा ऐकून हादरला असे लास कासास सांगतात. दुसरी गंमत अशी की मोंतेसिनोस यांनी एस्पिनार यांनाच गाठले, तुम्ही कोणासाठी भांडत आहात असे विचारले, आणि त्यांचे मन वळविले.

याची परिणती म्हणून २७ डिसेंबर १५१२ रोजी बुर्गोसचे कायदे झाले. एकूण ३५ कलमे. ताइनोला मारू नये, त्याला कुत्रा म्हणू नये, त्याच्या स्वतःच्या नावानेच हाक मारावी, असे एक कलम त्यात आहे. असे कलम लिहावे लागले यावरून रोज काय चालत असेल ते कळते. खाणीत पाच महिने काम झाले की चाळीस दिवस विश्रांती द्यावी, चार महिन्यांहून अधिक गरोदर बाईला खाणीत पाठवू नये, अशीही कलमे आहेत. पण पहिले कलम पाहावे : ताइनोंना स्पॅनिश वस्तीजवळ आणून बसवावे आणि परत जाण्याची ओढ राहू नये म्हणून त्यांच्या जुन्या झोपड्या जाळून टाकाव्यात! एन्कोमिएंदा तर तशीच राहिली. म्हणजे मागितला होता न्याय, मिळाली ती नियमावली, आणि तीही फारशी पाळली गेली नाही. बेटावरचे ताइनो त्यानंतरही मरतच राहिले. मोंतेसिनोस यांच्या प्रवचनाने साम्राज्य वाचले नाही, लोकही वाचले नाहीत. या बाबतीत आपण स्वतःची समजूत घालू नये.

आता लास कासास. पुढे ‘इंडियनांचा कैवारी’ म्हणून प्रसिद्ध झालेले हे गृहस्थ १५०२ सालीच हिस्पानिओलात आले होते. ते स्वतः धर्मगुरू होते आणि त्यांच्या ताब्यात ताइनो होते. एका डॉमिनिकनाने तेवढ्याच कारणावरून त्यांचे पापनिवेदन ऐकायचे नाकारले, तेव्हा त्यांनी वाद घातला. एवढेच नव्हे तर पुढे क्यूबाच्या मोहिमेत जाऊन तेथेही त्यांनी नवी एन्कोमिएंदा मिळविली. तो नकार त्यांच्या मनात कोठेतरी रुतून बसला होता. १५१४ साली क्यूबात प्रवचनाची तयारी करीत असताना, गरिबाकडून लुबाडलेल्या धनातून केलेले अर्पण देवाला चालत नाही अशा आशयाचे वचन त्यांच्या वाचनात आले, आणि त्यांनी आपले ताइनो सोडून दिले. नंतरची पन्नास वर्षे ते या एकाच कामासाठी झगडले. त्यांच्यातही दोष होता : ताइनोंना वाचविण्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणावेत असे त्यांनी १५१६ साली सुचविले होते. म्हातारपणी आपल्याच इतिहासग्रंथात त्यांनी त्याबद्दल तीव्र पश्चात्ताप नोंदविला आहे. १५४२ च्या नव्या कायद्यांमागे त्यांचा रेटा होता. सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे वितोरिया या दुसऱ्या डॉमिनिकनाने १५३९ मध्ये दिलेली व्याख्याने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासात आजही शिकविली जातात. तीही याच वादातून आली.

यावर एक शंका येईल. मोंतेसिनोस यांना बोलायला व्यासपीठ होते, ऐकायला राजप्रतिनिधी होता. ज्याला बोलायला जागाच नाही त्याने काय करायचे? यासाठी दुसऱ्या एका आगमनकाळाचा उल्लेख करतो. आल्फ्रेड डेल्प हे जर्मन जेझुइट धर्मगुरू हिटलरविरोधी क्रायझाऊ मंडळात होते. नाझी सत्ता गेल्यावर जर्मनीत न्याय्य समाज कसा उभारावा याचा विचार हे मंडळ करी. जुलै १९४४ मध्ये डेल्पना अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगात, हातांत बेड्या असताना, त्यांनी त्या डिसेंबरात आगमनकाळावर चिंतने लिहिली. ते कागद धुण्याच्या कपड्यांतून चोरून बाहेर नेले जात. जेझुइट संघ सोडल्यास सुटका होईल असे त्यांना सुचविण्यात आले होते. त्यांनी ८ डिसेंबर १९४४ रोजी तुरुंगातच संघाचे अंतिम व्रत घेतले. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी झाली. त्यांच्या चिंतनांचा गाभा असा की आगमनकाळ हा माणसाला हलवून जागे करण्याचा काळ आहे, आणि आपल्याविषयीच्या गोड भ्रमांतून जागे होणे ही त्याची पहिली पायरी. तुरुंगात त्यांना ऐकायला कोणी नव्हते. तेथे खोटे न बोलणे एवढेच धैर्य शिल्लक होते, आणि ते त्यांना पुरले.

आता माझ्या मित्राच्या वाक्याला मी काय उत्तर देतो? मी म्हणतो, होय, जहाजातून आला. त्या जहाजांच्या धन्यांना घोर पापी म्हणणारा आवाजही त्याच धर्मातून, चर्चच्या आतूनच उठला, त्यांच्याच पैशावर जेवणाऱ्यांनी उठविला. दोन्ही गोष्टी माझ्या वारशात आहेत. दुसरीमुळे पहिली पुसली जात नाही.

आणि मोंतेसिनोस यांचे प्रवचन परक्यांविरुद्ध नव्हते, स्वतःच्या बाकांवर बसलेल्यांविरुद्ध होते, हे ध्यानात घेतले तर प्रश्न माझ्या गावात येऊन उभा राहतो. ख्रिस्ती धर्मात जातिभेद नाही असे आम्ही चारचौघांत सांगतो. सोयरीक जमवताना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो हेही आम्हाला ठाऊक असते. विवाहविषयक जाहिराती कोणीही वाचून पाहाव्यात. दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत, याविरुद्ध आपल्या समाजाचे मोर्चे निघतात आणि ते योग्यच आहे. शासनाला हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तोच आपल्या ओसरीवर विचारला तर?

यंदाच्या आगमनकाळात आमच्या गावातील युवक मंडळाने याच विषयावर दोन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत एका काकांनी, "पोरांनो, सणाच्या दिवसांत हे कशाला?" असे विचारले. मी त्यांना म्हटले, "काका, हेच दिवस त्यासाठी आहेत." ते हसले, पण उठून गेले नाहीत. लग्न ठरविताना जात विचारणार नाही आणि घरात विचारू देणार नाही, अशा अर्थाच्या चार ओळी आम्ही दुसऱ्या बैठकीत लिहिल्या. अकराजण हजर होतो, नऊजणांनी सह्या केल्या. एकाने कारण सांगितले नाही. दुसऱ्याच्या बहिणीची बोलणी चालू आहेत आणि मुलाकडची मंडळी जुन्या वळणाची आहेत. कागद गावभर फिरला तर लग्न मोडेल, असे तो म्हणाला. लग्न वैशाखात आहे. त्याने कागद घडी घालून मला परत दिला आणि त्यानंतर स्वतःच ठेव म्हणून सांगितले, म्हणून तो माझ्याकडे आहे.